आधी भाजल्यानंतरचा फोटो दाखवा

सोळाशे रुपये फी, साडेचार तास, सामान त्यांचं आणि घरी न्यायला एक ट्रे पाव. नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर फोकाच्यावर चित्र काढायला शिकवतात, त्या कार्यशाळेबद्दल लिहितेय. नाव देत नाही. चालवणारी बाई एकटीच्या हिमतीवर हे सगळं उभं करते आणि तिचं कौतुक मला करायचंच आहे. पण एक तक्रार आहे, आणि ती तिच्या एकटीबद्दल नाही. घरी आल्यावर मी अशा वर्गांच्या बऱ्याच जाहिराती मुद्दाम बारकाईने पाहिल्या. फोटो सगळे ट्रे ओव्हनमध्ये जायच्या आधीचे! हिरवीगार पानं, जांभळा कांदा, पिवळीधम्मक सूर्यफुलं. पुढच्या पंचवीस मिनिटांत या सगळ्याचं काय होतं ते कोणी दाखवत नाही.

हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोकाचा हा इटलीतला पाव, त्यातही जेनोआ आणि आसपासच्या लिगुरियाचा नावाजलेला. दीड-दोन बोटं जाडी, वर सढळ हाताने ऑलिव्ह तेल, बोटांनी पाडलेले खळगे आणि जाडं मीठ. जेनोआत तर भाजण्याआधी मीठ-पाणी-तेल एकत्र घुसळून वरून ओततात. ते खळग्यांमध्ये साचतं, त्यामुळे तेवढा भाग मऊ आणि खारट राहतो. त्यावर फार तर रोझमेरी, नाहीतर कांदा. बागा, फुलदाण्या, डोंगर काढायचं खूळ अलीकडचं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये लोक घरात बसून यीस्टची पाकिटं शोधत होते, तेव्हा ते जगभर पसरलं. आणि त्यात व्हॅन गॉगची सूर्यफुलं हमखास.

माझ्यासोबत भाची होती, आर्किटेक्चर शिकते. तिला चित्रात रस, मला पावात. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढे थोडी मास्तरकी येणार आहे. चालवून घ्या.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. मॅम (सगळे तिला मॅमच म्हणत होते) पिठावर जीव तोडून शिकवते. आपल्याकडच्या मैद्याच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात, परदेशी ब्रेडच्या पिठात ती १२-१३ च्या घरात असतात. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, परातीत मात्र चांगलाच जाणवतो. इंटरनेटवरच्या कृतीप्रमाणे ५०० ग्रॅम पिठात ४०० ग्रॅम पाणी घातलं की आपल्या मैद्याचं भज्यांचं पीठ होतं. बिचारे लोक मग स्वतःच्या हाताला दोष देतात. मॅमचं प्रमाण असं: ५०० ग्रॅम मैद्याला ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि ३० ग्रॅम तेल. सगळं वजनकाट्यावर, वाटी-चमचा काही नाही. एवढं एक घरी घेऊन आलात तरी निम्मे पैसे वसूल.

दुसरी गोष्ट म्हणजे नागपूरचं ऊन तिने हिशेबात धरलंय. एप्रिल संपत आलेला, बाहेर पारा ४३ वर, गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात भाजेल असं. तिने पाणी फ्रीजमधून काढलं, वर बर्फाचे दोन खडे टाकले आणि मळून झाल्यावर गोळ्यात थर्मामीटर खुपसून दाखवला: २५ अंश. “याच्यावर गेलं की यीस्ट पळत सुटते, पाव फुगतो पण चव नाही येत,” असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. आम्ही मळलेलं पीठ डब्यात घालून घरी न्यायचं आणि तिने आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवलेलं पीठ वर्गात वापरायचं, अशी व्यवस्था. साडेचार तासांत हे बसवायचं तर याहून शहाणा मार्ग नाही.

फ्रीजमधल्या त्या पिठाचा डबा ट्रेमध्ये उलटा केला तो क्षण बघण्यासारखा होता. गोळा बुडाशी चिकटून हळूहळू सुटत खाली आला, आणि डब्याच्या कडेला लागलेला भाग जाळीदार होता, बारीक-मोठ्या भोकांची जाळी. तेल लावलेल्या ट्रेमध्ये तो पसरवायला गेलात तर परत आक्रसतो. तिथे सगळेच दमदाटी करायला लागले. मॅम मागून येऊन हात काढायला लावायची. पंधरा मिनिटं झाकून ठेवला की तोच गोळा मुकाट्याने कोपऱ्यापर्यंत जातो. मग दोन्ही हातांची बोटं तेलात बुडवून तळापर्यंत खळगे पाडायचे. चित्र त्यानंतर. हा क्रम तिने दोन-तीनदा बजावला, कारण चित्र आधी लावून वर खळगे पाडले तर फुलाचं नाक तोंडात जातं.

इथपर्यंत पाचपैकी पाच.

मग भाज्यांचं टेबल उघडलं आणि बायका-पोरं तुटून पडली. पिवळी आणि लाल शिमला मिरची, छोटे टोमॅटो, जांभळा कांदा, पातीचा कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, पुदिना, पालक, बीट, जांभळी कोबी, काळे ऑलिव्ह, तीळ, कलौंजी. भाज्या ताज्या होत्या, गोकुळपेठ बाजारातून सकाळीच आणलेल्या. सोबत एक छापील कागद, त्यात लिहिलं होतं: सगळ्या भाज्या दहा मिनिटं लिंबाच्या पाण्यात ठेवा, रंग टिकतो.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. कांद्याला हे लागू आहे. कांद्याचा आणि कोबीचा जांभळा रंग अँथोसायनिनचा, तो आम्लात लालसर-गुलाबी खुलतो. पण हिरव्या पानांना लिंबू म्हणजे वैरी. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की ते बाहेर पडतं, त्याच्या जागी हायड्रोजन येतो आणि हिरव्याचा खाकी होतो. पालकाची भाजी झाकण ठेवून शिजवली की काळपट पडते, तेही यामुळेच: पानांतली आम्लं वाफेबरोबर निघून जायची ती भांड्यातच अडकतात. म्हणजे कागदावरची सूचना पाळून आपण सांबाराचा रंग घालवायची तयारी ओव्हनच्या आधीच सुरू करतो.

मी हे मॅमला सांगितलं. जरा भीतभीतच, कारण शिकवणाऱ्याला भर वर्गात टोकणं मला स्वतःला आवडत नाही. तिने हट्ट धरला नाही. उरलेल्या पिठाचा तुकडा घेतला, एका अर्ध्यावर लिंबाच्या पाण्यातला सांबार लावला, दुसऱ्यावर कोरडा करून तेलात घोळवलेला, आणि तुकडा आत ढकलला. बाहेर आल्यावर लिंबाचा भाग तपकिरी. तेलातला भागही काही हिरवागार नव्हता, पातळ पानांच्या कडा जळल्याच होत्या, पण मधला हिरवा ओळखता येत होता. “अहो, मी तर सगळ्यांनाच लिंबू लावायला सांगून राहिली होती,” ती हसत म्हणाली आणि त्या ओळीवर तिथल्या तिथे पेनाने काट मारली. हे मला फार आवडलं. पुढच्या बॅचला नवा कागद मिळाला असेल अशी आशा आहे.

तर रंगांचा हिशेब असा. पिवळी-लाल शिमला मिरची आणि टोमॅटो: डोळे मिटून घ्या. त्यांचे रंग कॅरोटिनॉइडचे, ते एवढ्या आचेला दाद देत नाहीत आणि तेलात थोडे उतरतात, त्यामुळे फुलाभोवतीच्या पावालाही पिवळसर झाक येते. कांदा लिंबू लावून घ्या, पण जाड कापा, पातळ चकत्या जळतात. बीट विसरा, त्याचा रंग भट्टीत मातकट होतो. काळे ऑलिव्ह काळेच राहतात. बरणीवरची चिठ्ठी वाचा, बहुतेक वेळा फेरस ग्लुकोनेट लिहिलेलं सापडेल: कच्ची फळं लोहाच्या त्या क्षाराने काळी पक्की केलेली असतात, ओव्हनला ती काय भिणार! पातीच्या कांद्याची हिरवी काडी देठ म्हणून चालते, फक्त ती पिठात दाबून बसवा आणि वरून तेलाचा हात फिरवा. पुदिना, सांबार, पालकाची पानं भाजून झाल्यावर लावा, नाहीतर शेवटच्या चार-पाच मिनिटांत. भाजी कुठलीही असो, कापून, मीठ लावून, पुसून घ्या. टोमॅटोच्या पाण्याने आमच्या शेजारच्या ट्रेचा मधला भाग कच्चाच राहिला.

आता चित्रांबद्दल. वर्गात सांगितलेलं चित्र म्हणजे लंडनच्या नॅशनल गॅलरीतली सूर्यफुलं, ऑगस्ट १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल इथे काढलेली, फुलदाणीत पंधरा फुलं. निवड उत्तम आहे, फक्त कारण वर्गात कोणी सांगितलं नाही. त्या चित्रात जवळजवळ सगळं पिवळं आहे: फुलं पिवळी, फुलदाणी पिवळी, भिंत पिवळी. मधूनमधून तपकिरी, आणि रंग जाड थरांत, खडबडीत. भाजलेल्या पावाचे रंग नेमके तेच, सोनेरी ते तपकिरी. ओव्हनने जे बिघडवायचं ते चित्रात आधीच आहे. गंमत म्हणजे व्हॅन गॉगने वापरलेला क्रोम पिवळा स्वतःच काळाबरोबर तपकिरीकडे झुकतो. प्रकाशाने त्यातल्या क्रोमियमचं रूप बदलतं, हे क्ष-किरणांनी तपासून दाखवलेलं आहे. या बाबतीत शिमला मिरची जास्त इमानी म्हणायची.

पण तोच व्हॅन गॉग म्हणून कोणी ‘स्टारी नाइट’ला हात घालू नये. ते जून १८८९ चं चित्र, निळ्या आकाशाचं, आणि टेबलावर निळी भाजी एकही नव्हती. पलीकडच्या टेबलावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, बायकोने नाव घातलं म्हणून आलेले. त्यांनी जांभळ्या कोबीच्या पट्ट्या भोवऱ्यांसारख्या वळवून, कांद्याचे रिंग तारे म्हणून लावून अप्रतिम आकाश उभं केलं होतं. सगळे मोबाइल त्यांच्याकडे वळले. पंचवीस मिनिटांनी ट्रे बाहेर आला तेव्हा कडा करपलेल्या आणि मधला भाग राखाडी. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “हे तं अमावस्या झाली राजा.” त्यांचे मोबाइलमधले फोटो मात्र भाजण्याआधीचेच राहिले, आणि तेच ग्रुपवर गेले. माझं पहिल्या परिच्छेदातलं म्हणणं एवढंच आहे.

भाचीने वारली निवडली. कल्पना म्हणून झकास: गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं, आणि बेकरीवाले पावावर नक्षी उठवायला तांदळाचं पीठच वापरतात, कारण ते भट्टीत पांढरं राहतं. जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरची वारली कागदावर नेली, त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, आता ती पावावर का नेऊ नये, असा तिचा युक्तिवाद. तिने जाड कागद कापून तारप्याच्या (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाचं गोल रिंगण केलं, चाळणीने पीठ भुरभुरवलं, कागद अलगद उचलला. स्वच्छ, रेखीव रिंगण उमटलं. आणि बघता बघता विरलं. “मावशी, काहीच दिसून नाही राहिलं!” फोकाचा तेलात भिजलेला असतो, ते तेल कोरड्या पिठाने शोषून घेतलं की पांढरेपणा संपला. मॅमने मग तिला नवा गोळा दिला आणि वर तेल न लावता करून बघायला सांगितलं. त्यावर रिंगण छान टिकलं, पण वरचा पापुद्रा कोरडा, कडक. चित्र आलं, फोकाचा गेला. वारली करायची तर साध्या गोल पावावर करा, तिथे ती शोभते.

मी काय केलं? रझा. चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, आणि १९३९ ते १९४३ ते आपल्या नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मग मुंबईचं जे. जे., मग १९५० मध्ये फ्रान्स. मन लागत नाही म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं होतं, ही त्यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. पुढे बिंदू हाच त्यांच्या चित्रांचा गाभा झाला. तर मी ट्रेच्या मधोमध बारीक चिरलेल्या काळ्या ऑलिव्हचं जाड वर्तुळ दाबून बसवलं, भोवती लाल मिरचीचं कडं, मग पिवळ्याचं, मग लिंबू लावलेल्या कांद्याच्या कमानी, आणि चारही कोपऱ्यांत मिरचीचे त्रिकोण. दिसायला काकांच्या आकाशापुढे काहीच नव्हतं, कोणी फोटोही काढला नाही.

भाजल्यावर मात्र ते जसंच्या तसं होतं, किंबहुना थोडं बरं. कारण साधं आहे. पीठ ओव्हनमध्ये गेल्यावर पहिल्या आठ-दहा मिनिटांत फुगतं आणि ते मधून वर येतं. सरळ रेषा वाकतात, चेहरे सुजतात, देठ तुटतात. वर्तुळ फुगलं तर मोठं वर्तुळ होतं. खालून एक बुडबुडा आला तो नेमका लाल कड्याखाली, त्याने तिथे उंचवटा आणला आणि कडं उठून दिसलं. रंगही सगळे टिकणारेच निवडले होते. मॅमला रझा नागपुरात शिकल्याचं माहीत नव्हतं. नागपुरातल्या वर्गात आर्लच्या आधी रझा यायला हवा, असं मी तिला सांगितलं आहे आणि इथेही सांगते.

आता खास या वर्गाबद्दलची तक्रार. दहा माणसं आणि दोन ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचे छोटे ओव्हन. एका वेळी एकात एकच ट्रे, प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, म्हणजे शेवटच्या दोघांचा नंबर लागेपर्यंत जवळजवळ पावणेदोन तास. एसी चालू होता, तरी दहा माणसं आणि दोन पेटलेले ओव्हन असलेल्या खोलीत पीठ थांबत नाही. शेवटचे ट्रे वाट बघून बघून जास्त फुगले आणि आत गेल्यावर बसले. खळगे गायब, वरची चित्रं पसरलेली. त्यात एक मुलगी होती, तिने सगळ्यांत निगुतीने पानापानाची शीर काढली होती. तिच्याबद्दल मला वाईट वाटलं, मॅमने तिला अर्धी फी परत द्यायला हवी होती असंही वाटलं. उपाय अवघड नाही: नंबर उशिरा आहे त्यांचे ट्रे फ्रीजमध्ये ठेवायचे, किंवा माणसं सहाच घ्यायची. शिवाय ओटीजीची मागची बाजू तापट असते, अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायला हवा होता. घाईत काही ट्रे फिरवले, काही राहून गेले, आणि त्यांचं निम्मं चित्र करपलं. खालच्या कप्प्यात ठेवून, १२-१५ मिनिटांनी वर फॉइल टाकली की चित्र वाचतं. हे ती सांगते, पण करायला तिला वेळ मिळत नाही.

चव? बूड कुरकुरीत, आतून ओलसर, मिठाचा हात अचूक. वर वापरलेलं तेल मात्र मला फिकं वाटलं. चित्रासाठी भाज्यांवर एवढा खर्च करता, तर शेवटचा हात चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनचा द्या. घरी मी आता याच प्रमाणाने करते, चित्र फक्त पाहुणे यायचे असतील तेव्हा. एरवी नुसते खळगे, जाडं मीठ, वर भिवापुरी मिरची तेलात गरम करून. आमच्याकडे जवसाच्या चटणीसोबत तो संपतो. इटलीत कोणी बघत नाही.

पाचपैकी साडेतीन. पिठाचे पाच, चित्राचे तीन, ओव्हनच्या व्यवस्थेचे दोन, आणि वर अर्धा जास्तीचा, चूक दाखवल्यावर कागदावर काट मारली म्हणून.

जायचंच असेल तर सकाळची बॅच घ्या, आणि शक्यतो दिवाळीनंतर, थंडीत पीठही निवांत असतं. नाव नोंदवताना बॅच किती जणांची आहे ते विचारा. ट्रे आत टाकायचा नंबर आधीच मागून घ्या, पहिल्या चारांत असलात तर काळजी नाही. आदल्या बॅचचे भाजलेले फोटो मागा. मी मागितले तेव्हा तिने मोबाइलमध्ये शोधून दोन दाखवले, आणि ते जाहिरातीतल्यांपेक्षा मला जास्त खरे वाटले. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. उतरताना एका हातात गरम ट्रे आणि दुसऱ्यात पिठाचा डबा असतो, तेव्हा सपाट बुडाची मोठी पिशवी घेऊन जा. गाडी लावायला समोरच्या गल्लीत जागा मिळते.